कोणता प्रश्न कोणत्या दालनात: जागतिक भूविज्ञान परिषदेचा कार्यक्रम कसा बांधतात

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर दोन शोधनिबंध छापून आले. दख्खनच्या लाव्हाथरांचे वय काढायचे, हेच दोघांचेही काम. एका गटाने थरांच्या मध्ये सापडणाऱ्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक स्फटिकांतले युरेनियम आणि शिसे मोजले. दुसऱ्याने बेसॉल्टमधल्या, म्हणजे त्या काळ्या पाषाणातल्याच, प्लॅजिओक्लेज खनिजात कोंडलेला आरगॉन वायू मोजला. पहिल्यांचे म्हणणे, लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांनी आला आणि त्यातला एक उमाळा डायनोसॉर नाहीसे होण्याच्या थोडाच आधीचा. दुसऱ्यांचे म्हणणे, ओघ बऱ्यापैकी अखंड होता आणि सुमारे पाऊण लाव्हा त्या संहारानंतर बाहेर पडला. कातळ तोच, काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि उत्तरे मात्र वेगळी.

आता जागतिक परिषदेत ही मंडळी कुठे बसवायची? कालमापनवाले एका विभागात, ज्वालामुखीवाले दुसऱ्या, जीवाश्मवाले तिसऱ्या, खडकांतले जुने चुंबकत्व वाचणारे चौथ्या. सवयीने वाटणी केली तर चारही सत्रे मंगळवारी सकाळी चार वेगळ्या दालनांत लागतात. ज्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायला हवेत ते मग जेवणाच्या रांगेत भेटतात, तेही भेटले तर. कार्यक्रम समितीचे खरे काम इथे आहे. कोणता दावा कोणासमोर मांडला जाईल हे वेळापत्रक ठरवते, म्हणून ते विषय जाणणाऱ्यांनीच बांधावे लागते. समारंभ भरवणाऱ्या कंपनीवर ते सोपवून चालत नाही.

या परिषदांना मोठी परंपरा आहे. पहिली आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषद १८७८ मध्ये पॅरिसला भरली. १८८१ च्या बोलोन्या परिषदेत भूशास्त्रीय नकाशांचे रंग आणि थरांची नावे सगळ्या देशांनी एकसारखी कशी वापरावीत यावर खल झाला. १९६४ ची बावीसावी परिषद नवी दिल्लीत झाली, आशियातली ती पहिली. १९६८ ची प्रागची परिषद सोव्हिएत फौजा शहरात शिरल्यामुळे मध्येच आटोपावी लागली. छत्तिसावी परिषद मार्च २०२० मध्ये पुन्हा दिल्लीत होणार होती. कोविडमुळे ती २०२२ मध्ये ऑनलाइन झाली. दर चार वर्षांनी येणारी गोष्ट दोन वर्षे पुढे जाते तेव्हा निवेदनांचे आधी मागवलेले गोषवारे शिळे होतात, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात, आणि कार्यक्रम जवळजवळ पहिल्यापासून उभा करावा लागतो.

समजा, अशी परिषद वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात भरवायची आहे. पहिला निर्णय तारखेचा. जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबलेला असतो, पण क्षेत्रभेटीला जावे तर डोंगरावर गवत कमरेइतके असते आणि खडक दिसत नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी उत्तम: गवत वाळलेले, कातळ उघडा, ऊन सोसण्यासारखे. डिसेंबरातली अमेरिकी भूभौतिकी संघाची मोठी सभा आणि एप्रिलच्या सुमारास व्हिएन्नात भरणारी युरोपीय सभा, या दोन्हींच्या मधली जागाही तीच.

दोन वर्षे आधी मुख्य विषयसूत्रे ठरतात, दीड वर्ष आधी सत्रांचे प्रस्ताव मागवतात. प्रस्तावात किमान तीन संयोजक असावेत, तिघे तीन संस्थांचे, निदान दोन देशांचे, आणि एक नव्या पिढीतला. ही अट दिखाऊ नाही. एकाच प्रयोगशाळेच्या संयोजकांनी भरवलेल्या सत्रात त्याच प्रयोगशाळेची बाजू सहा वेळा ऐकू येते. वर उल्लेखिलेल्या वादासाठी चारही विभागांनी मिळून एकच सत्र मांडावे आणि युरेनियमवाला व आरगॉनवाला, दोघेही संयोजक असावेत. नंतर समिती प्रस्ताव जोडते. ‘किनारपट्टीची धूप’, ‘खाडीतला गाळ’ आणि ‘समुद्रपातळी’ असे तीन प्रस्ताव आले तर त्यांचे एक सत्र होऊ शकते, पण संयोजकांशी बोलल्याशिवाय जोडू नये. परस्पर जोडलेल्या सत्राला कोणीच आपले मानत नाही, आणि त्यासाठी कोणी गोषवारे गोळा करत नाही.

गोषवाऱ्यांची खिडकी आठ महिने आधी उघडावी आणि साडेपाच महिने आधी बंद करावी. ‘मध्यरात्रीपर्यंत’ एवढेच लिहिले तर कोणाची मध्यरात्र यावर पत्रव्यवहार सुरू होतो. जागतिक प्रमाणवेळ लिहावी. बहुतेक गोषवारे शेवटच्या दोन दिवसांत येतात, तेव्हा सर्व्हर त्या हिशेबाने घ्यावा. लेखकाचे नाव हा आणखी एक सापळा. ‘एस. कुलकर्णी’ आणि ‘एस. व्ही. कुलकर्णी’ संगणकाला दोन माणसे वाटतात आणि तीच व्यक्ती एकाच वेळी दोन दालनांत लागते. म्हणून प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक सक्तीचा करावा.

आता हिशेब. पाच दिवस, दहा दालने, रोज दीड तासाचे तीन भाग, आणि चौथा भाग फक्त पोस्टरसाठी, म्हणजे फलकावर लावून समोरासमोर समजावायच्या कामांसाठी. शेवटची दुपार समारोपाला सोडली तर हाती १४० भाग उरतात. एका भागात पंधरा मिनिटांची सहा निवेदने: बारा मिनिटे बोलणे, तीन मिनिटे प्रश्न आणि माणसे बदलणे. म्हणजे ८४० जागा. निम्म्या भागांत एकेक निमंत्रित व्याख्यान ठेवले आणि ते दोन जागा खाते असे धरले, तर ७७० निवेदने बसतात. चाळणीनंतर २,३०० गोषवारे उरले असतील, तर १,५३० जणांना पोस्टर द्यावे लागते. हा आकडा संयोजकांना पहिल्या दिवशीच सांगावा. नाहीतर प्रत्येक जण आपल्या सत्रातल्या साऱ्यांना व्यासपीठाचे आश्वासन देऊन बसतो.

वेळापत्रक जुळवणे हा गणितातला ओळखीचा प्रश्न आहे. प्रत्येक सत्र म्हणजे एक बिंदू. दोन सत्रांत एखादा वक्ता, संयोजक किंवा मोठा श्रोतृवर्ग सामाईक असेल तर त्या बिंदूंमध्ये रेघ. दिवसाचा प्रत्येक भाग म्हणजे एक रंग. रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग येता कामा नये. दालने दहा असली तरी आपल्याकडे रंग फक्त चौदा: पाच दिवसांचे तीन-तीन भाग, शेवटची दुपार वजा. बिंदू वाढले की सर्वांत चांगली मांडणी शोधून काढणे संगणकालाही आवाक्याबाहेरचे होते, म्हणून युक्तीने जातात: ज्या सत्राला सर्वांत जास्त रेघा, त्याला आधी जागा, मग पुढचे. वक्त्याची टक्कर अजिबात चालत नाही. श्रोत्यांची टक्कर कमीत कमी ठेवायची असते. श्रोते कोण हे आधी कसे कळणार? गोषवारा भरतानाच प्रत्येकाला दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीचे सत्र विचारावे. ज्या दोन सत्रांची नावे वारंवार जोडीने येतात त्यांच्यातली रेघ जाड धरावी. हा एक जास्तीचा रकाना मला संपूर्ण अर्जातला सर्वांत मोलाचा वाटतो. जीवाश्म आणि लाव्हा यांची जोडी त्यातूनच वर येते, समितीतल्या कोणाला सुचो वा न सुचो.

संगणकाने दिलेल्या मांडणीवर मग माणसांनी दोन-तीन दिवस बसावे. कोणते सत्र छोट्या दालनात गुदमरेल, कोणते मोठ्यात रिकामे दिसेल, हे अनुभवी डोळ्याला लगेच कळते. मुंबईत उतरलेले पाहुणे खाडीपूल ओलांडून येणार असतील तर पहिला भाग साडेआठऐवजी नऊला सुरू करावा.

पोस्टरला दुय्यम समजू नये. बारा मिनिटांच्या निवेदनानंतर एखादा प्रश्न येतो. पोस्टरपुढे अर्धा तास वाद घालता येतो, आणि खडकाचा पातळ छेद किंवा नकाशा जवळून दाखवता येतो. शेवटचा दिवस वगळून रोज सुमारे ३८३ पोस्टर येतात, म्हणजे दोन्ही बाजू वापरल्या तर १९२ फलक. पोस्टर ए-शून्य मापाचे, ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर, उभे. फलक किमान एक मीटर रुंद हवा. दोन रांगांत अडीच मीटर अंतर ठेवावे. दीड मीटर ठेवले की पाठीला पाठ लागते आणि मधून कोणी जाऊ शकत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत चिकटपट्टी रात्रीतून सुटते, कागद वळतो. टाचण्या टोचता येतील असे कापडी फलक घ्यावेत. आणि एकाच विषयाची निवेदने व पोस्टर एकाच दिवशी ठेवावीत. हे साधे पथ्य नेहमी मोडते, कारण दोन्ही याद्या वेगवेगळी माणसे बनवतात.

परदेशी वक्त्यांसाठी परिषद व्हिसा लागतो आणि त्याला सरकारी मंजुरीची कागदपत्रे जोडावी लागतात. म्हणून स्वीकृतीची पत्रे किमान चार महिने आधी जायला हवीत. सोबत दोन सूचना ठळक द्याव्यात. पहिली, सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. दुर्गम भागात काम करणारे भूवैज्ञानिक ती सवयीने पिशवीत ठेवतात आणि विमानतळावर अडकतात. दुसरी, भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण खात्याच्या (सर्व्हे ऑफ इंडिया) नकाशाप्रमाणेच दाखवावी. चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. परदेशी सॉफ्टवेअरचा तयार नकाशा उचललेला असतो, म्हणून गोषवारा-पुस्तिका छापण्यापूर्वी प्रत्येक नकाशा कोणीतरी पाहिलाच पाहिजे.

क्षेत्रभेटी हाही वैज्ञानिक कार्यक्रमच आहे. घाटात जवळजवळ आडवे असलेले लाव्हाथर पनवेलच्या परिसरात पश्चिमेकडे कलतात. पश्चिम किनारा घडताना पडलेल्या या बाकाला पनवेल फ्लेक्सर म्हणतात, आणि तो पाहायला जगभरचे लोक येतील. द्रुतगती मार्गावर थांबता येत नाही. खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता घ्यावा. बारा मीटरची बस वळणावर उभी राहत नाही, सतरा आसनी गाड्या बऱ्या. कर्नाळ्याचा सुळका अभयारण्यात आहे: वनखात्याची परवानगी हवी आणि हातोडा गाडीतच ठेवायचा. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची भेट छोट्या गटांत ठेवावी, कारण तिथली उपकरणे संवेदनशील असतात. विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून १९०४ मध्ये कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या होत्या, ही हकिकत पाहुण्यांना तिथे जरूर सांगावी.

उरणच्या किनाऱ्यावरचा कातळ दाखवायचा तर पंचांग काढावे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप मागे जाते, पण ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास आणि मग संध्याकाळी. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास, पण पाणी पुरेसे हटत नाही. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी आठ-नऊला येते, पाणीही बरेच उतरलेले असते. परिषदेचा आठवडा ठरवतानाच ही तिथी साधता आली तर तेवढी सोय मोठी.

प्रत्यक्ष दिवशी एकच नियम कडक पाळावा: वक्ता आला नाही तर पुढचे निवेदन अलीकडे ओढायचे नाही. ती पंधरा मिनिटे चर्चेला द्यावीत. अकरा वाजताच्या एका निवेदनासाठी कोणीतरी शेजारचे दालन सोडून येणार असते. ते पावणेअकराला उरकले तर त्याचे दोन्हीकडचे बुडते. न आलेल्यांचे गोषवारे अंतिम नोंदीत ‘सादर नाही’ अशी खूण करूनच ठेवावेत, म्हणजे पुढे संदर्भ देणाऱ्याला त्या दालनात काय मांडले गेले आणि काय नाही हे कळेल.