फळीवरचा माल कुणाचा? दहा मिनिटांच्या किराण्यामागची गोष्ट

भिवंडीत एवढी गोदामं का उभी राहिली याचं उत्तर बऱ्याच अंशी जकातीत आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात, म्हणून तो हद्दीबाहेर उतरवायचा आणि मागणी येईल तसा टेम्पोने आत धाडायचा. त्यात केंद्रीय विक्रीकराची भर. परराज्यात थेट विकलं तर हा कर लागे, स्वतःच्याच शाखेकडे माल हलवला तर नाही. त्यामुळे कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात एक गोदाम राखून असत. गिऱ्हाईक कुठे राहतं यापेक्षा कर कुठे वाचतो, हे महत्त्वाचं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच दिवशी मुंबईची जकात गेली. पुढच्या एप्रिलमध्ये ई-वे बिल, म्हणजे मालाच्या ने-आणीसाठीचं ऑनलाइन कागदपत्र, आलं. मागणीचे आकडे पाहून गोदामाची जागा ठरवणं तेव्हा कुठे परवडू लागलं. दहा मिनिटांत किराणा दारात येण्यापर्यंतच्या आजच्या बदलाची सुरुवात मी तिथून धरतो.

तंत्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा वाचला गेला. आपला पिनकोड त्याहून जुना, १५ ऑगस्ट १९७२ चा. टपाल नीट पोचावं म्हणून एका मराठी अधिकाऱ्याने बसवलेली ती सहा आकडी रचना पुढे ऑनलाइन विक्रीला आयती मिळाली. माल कुठे पोचवता येईल, किती दिवसांत, कुठून परत फार येतो, हे सगळं त्या सहा आकड्यांवर मोजलं जाऊ लागलं.

खरं भांडण झालं ते ‘मार्केटप्लेस’ या एका शब्दावरून. २०१२ मध्ये अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला वाट मिळाली, तीही राज्याची संमती असेल तर आणि बऱ्याच अटींसह. अशा दुकानदारीला ऑनलाइन विक्रीची मुभा नव्हती. मग कंपन्यांनी भूमिका घेतली की आम्ही विकत नाही, विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो, म्हणजे आम्ही फक्त मार्केटप्लेस. मार्च २०१६ च्या नियमांनी ती मान्य केली. मार्केटप्लेसमध्ये १०० टक्के परदेशी पैसा चालेल, स्वतःचा साठा ठेवून विकणं चालणार नाही, आणि एकाच विक्रेत्याकडून एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांहून जास्त विक्री नको.

पळवाट लगेच निघाली. विक्रेता म्हणून उभ्या असलेल्या कंपनीत मार्केटप्लेसवाल्यांचाच हिस्सा असे. शिवाय त्यांचीच घाऊक शाखा त्या विक्रेत्याला माल पुरवी. कागदावर तीन वेगळी नावं, माल एकाच छपराखाली. २६ डिसेंबर २०१८ ला नियम कडक झाले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. विक्रेत्यात हिस्सा नको. आणि विक्रेत्याची २५ टक्क्यांहून जास्त खरेदी मार्केटप्लेसच्याच गटातून होत असेल तर तो साठा मार्केटप्लेसच्या ताब्यातला मानला जाईल. काहींनी हिस्सा घटवला, पण व्यवहाराचं नातं टिकलं. कोपऱ्यावरच्या वाण्याची तक्रार तेव्हापासून तीच आहे आणि मला ती रास्त वाटते. कोणत्या गल्लीत कोणतं तेल कधी खपतं ही माहिती ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. साठा कुणाचा हे नियमांनी बारकाईने पाहिलं. माहिती कुणाची, हा प्रश्न त्यांत उमटलाच नाही.

टाळेबंदीनंतर, २०२१ मध्ये दहा मिनिटांचा वायदा आला आणि त्याबरोबर डार्क स्टोअर. गिऱ्हाइकाने आत पाय न ठेवायचं दुकान, दोन-तीन किलोमीटरच्या टापूसाठी. ऑर्डर पडली की माल उचलणाऱ्या मुलाच्या हातातल्या यंत्रावर कप्प्याचा क्रमांक येतो. जास्त खपणारं दाराजवळ, जड खाली. दूध-पावाची मागणी तासागणिक वर्तवली जाते, पावसाचा अंदाजही त्यात धरला जातो. हे वाण्यालाही तोंडपाठ असतं, फक्त आपल्या दोनशे घरांपुरतं. डार्क स्टोअर कागदोपत्री बहुधा गोदाम, कामाने दुकान. बिलावर विक्रेत्याचं नाव असतं, ते घेणाऱ्याने क्वचितच वाचलेलं असतं.

जून २०२५ मध्ये धारावीतल्या अशा एका ठिकाणाचा अन्नपरवाना तपासणीनंतर स्थगित झाला. बुरशी धरलेले पदार्थ सापडले होते आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालातून वेगळा काढलेला नव्हता. दर तासाचा खप सांगणारी यंत्रणा असलेल्या धंद्यात हे घडावं, याचं मला वाईट वाटतं. तारीख उलटलेला पुडा बाजूला काढायला शेवटी माणूस लागतो, आणि त्या माणसाला वेळ द्यावा लागतो.

त्याच वर्षी या धंद्यातल्या एका मोठ्या गटाने आपल्यातला परदेशी हिस्सा ४९.५ टक्क्यांवर मर्यादित करायला भागधारकांची मंजुरी घेतली. भारतीय मालकीची कंपनी ठरली की स्वतःचा साठा ठेवता येतो. मग मधल्या विक्रेत्याची गरज उरत नाही, माल थेट उत्पादकाकडून उचलता येतो. दुकानोदुकानी फिरून ऑर्डर लिहून घेणारा वितरकाचा माणूस या हिशेबात कुठेच नाही.