कॅन्सरचे रुग्ण जास्त म्हणजे पाणीच खराब?

‘अमेरिकेतल्या अमुक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) लोकसंख्येच्या मानाने कॅन्सरचे रुग्ण फार, तिथलं पाणीच विषारी,’ असं फिरत असतं. आधी तिथल्या लोकांचं वय बघा. फ्लोरिडातल्या सम्टर काउंटीत निम्म्याहून अधिक लोक पासष्टीपुढचे. वयाबरोबर कॅन्सर वाढतो, मग साधा दर, म्हणजे लाख लोकांमागे किती रुग्ण, चढाच दिसणार. तुलनेला वयानुसार समायोजित दर लागतो: प्रत्येक वयोगटाचा दर २००० सालच्या अमेरिकी लोकसंख्येतल्या त्या गटाच्या वाट्याने गुणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. स्त्री-पुरुषांचे तक्ते वेगळे वाचा. पुरुषांनाच असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा दर लाख पुरुषांमागे असतो, लाख माणसांमागे नव्हे. तपासण्या वाढल्या की निदानं वाढतात, मृत्यू वाढतीलच असं नाही. छोट्या काउंटीत चार-दोन रुग्णांनीही दर उसळतो, तेव्हा पाच वर्षांची सरासरीच धरावी. एवढं करूनही दर वरच राहिला, तर धूम्रपान, पाणी, कारखाने तपासायचे.