केटामाइनचं सलाईन आणि एस्केटामाइनचा स्प्रे: फरक नेमका काय?

नैराश्यावर कोणी ‘केटामाइन सुचवलंय’ म्हणालं, तर आधी विचारावं: शिरेतून की नाकातून? दोन्हींना लोक एकाच नावाने ओळखतात आणि तिथेच अपेक्षांचा घोळ होतो.

केटामाइन हे जुनं भुलीचं औषध. अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली, पण ती भुलीसाठी. सलाईनमधून नैराश्यासाठी ते देणं आजही ‘ऑफ-लेबल’ आहे, म्हणजे डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने देतात. त्याच्या रेणूची दोन रूपं असतात. सलाईनमध्ये दोन्ही जातात, तर स्प्रेमध्ये एकच, एस्केटामाइन. या स्प्रेला तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये खास नैराश्यासाठीच मान्यता दिली. इतर औषधांनी फरक न पडलेल्या रुग्णांसाठी.

सलाईनचा डोस वजनावर ठरतो. नेहमीचं प्रमाण किलोमागे अर्धा मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलीग्रॅम, साधारण ४० मिनिटांत. भुलीच्या डोसपेक्षा हे बरंच कमी, म्हणून माणूस जागा असतो. पण आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, हातपाय आपले वाटत नाहीत, वेळेचा अंदाज सुटतो. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगायलाच हवं. फार अस्वस्थ वाटलं तर नर्स थेंब कमी करू शकते, सलाईन बंदही करू शकते. स्प्रेचं तसं नाही. एकदा नाकात गेला की परत घेता येत नाही, असर ओसरेपर्यंत थांबायचं. माझ्या मते हा फरक रुग्णाला सगळ्यात आधी सांगायला हवा, आणि नेमका तोच राहून जातो.

सुई नाही म्हणून स्प्रे सर्दीच्या औषधासारखा सोपा वाटतो. तो घरी न्यायला मिळत नाही. दवाखान्यात, देखरेखीखाली, दोन-तीन छोट्या डब्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने स्वतःच नाकात मारायच्या आणि मग किमान दोन तास तिथेच बसायचं. मधूनमधून बीपी तपासतात, कारण दोन्ही प्रकारांत ते चढतं. बीपी आटोक्यात नसेल, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असेल किंवा पूर्वी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झाला असेल, तर हे आधीच सांगा. मळमळ आणि चक्कर दोन्हीकडे. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी हवंच.

असर काही तासांत किंवा दिवसांत जाणवू शकतो, पण सगळ्यांना नाही, आणि एका खेपेचा असर बहुतेकदा काही दिवसांत उतरतो. म्हणून सलाईन सहसा दोन-तीन आठवड्यांत सहा वेळा देतात. स्प्रे पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे कमी कमी. सहा सलाईननंतर काय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आत्महत्येचे विचार येत असतील तर स्प्रेने नैराश्य लवकर हलकं होऊ शकतं, पण त्याने आत्महत्या टळते असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे डॉक्टर दाखल व्हायला सांगत असतील, तर बरं वाटू लागलं म्हणून ते टाळू नका.