बंदी असलेलं ओझोनघातक रसायन वापरायचंच असेल तर: सवलतीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत हॅलॉनचं (आग विझवायला वापरायचं ब्रोमीनयुक्त रसायन) उत्पादन १९९४ पासून, तर सीएफसी (फ्रिजसारख्या यंत्रणांत वापरायचं क्लोरीनयुक्त रसायन) आणि कार्बन टेट्राक्लोराइडचं १९९६ पासून बंद झालं. विकसनशील देशांना त्यासाठी २०१० पर्यंत मुदत होती. तरीही एखाद्या कामाला हीच रसायनं लागतात आणि दुसरं काहीच चालत नाही, अशी वेळ येऊ शकते. त्यासाठी करारात ‘अत्यावश्यक वापर’ ही सवलत ठेवलेली आहे. ती सहजासहजी मिळत नाही.

अर्जात काय विचारतात आणि का विचारतात, हे कळायला रसायनांचा स्वभाव माहीत हवा. सीएफसी जमिनीलगत कशाशीच अभिक्रिया करत नाही, पावसाने धुऊन जात नाही. कारखान्यात हाच त्याचा गुण होता. वाऱ्याबरोबर ते हळूहळू स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या हवेत पोचतं. तिथले अतिनील किरण त्याचा रेणू फोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन अणू ओढून घेतो, पुढे दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनशी गाठ पडली की तो अणू देऊन टाकतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हा धोका १९७४ मध्येच मांडला होता. हॅलॉनमधला ब्रोमीन तर क्लोरीनपेक्षाही जहाल. सीएफसी-११ ची ओझोनघातक क्षमता १ धरली, तर हॅलॉन-१३०१ ची १० भरते. म्हणूनच ‘किती वापरणार’ एवढं सांगून भागत नाही, ‘हवेत किती सुटणार’ हेही सांगावं लागतं.

आधी हे तपासा: अर्ज लागतो का?

पुष्कळदा लागतच नाही. सवलत लागते ती नव्या उत्पादनासाठी. जुन्या यंत्रणेतून काढून शुद्ध केलेला माल करारात उत्पादन म्हणून मोजला जात नाही. तो देशाबाहेरून आणायचा असेल तर मात्र आयात परवाना हवाच. जुन्या, पुनर्वापराच्या मालालाही परवाना पद्धत लागू आहे. दुसरं रसायन बनवताना जे कच्चा माल म्हणून पूर्ण खर्ची पडतं, त्याचा हिशेबही वेगळा आहे. मालाच्या निर्यातीआधी किंवा कीड-रोग पसरू नयेत म्हणून विलगीकरणासाठी मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी देणंही बंदीच्या बाहेर आहे.

प्रयोगशाळांसाठी सरसकट सवलत आहे, पण अटी बारीक आहेत. रसायन ठरलेल्या शुद्धतेचं हवं. ते पुन्हा बंद करता येणाऱ्या डब्यात, तीन लिटरपेक्षा लहान उच्चदाब सिलिंडरमध्ये किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या काचेच्या कुपीत यायला हवं. ते ओझोनघातक आहे, फक्त प्रयोगशाळेतल्या वापरासाठी आहे आणि उरलेलं गोळा करून शक्य असल्यास पुनर्वापरात आणावं, असं वेष्टनावर छापलेलं असावं लागतं. मोठ्या पिंपातून आणून ‘प्रयोगासाठी’ म्हणणं चालत नाही.

पात्रता

निकष १९९२ मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत ठरले. वापर आरोग्यासाठी वा सुरक्षिततेसाठी गरजेचा हवा, किंवा समाजाचं कामकाज चालण्यासाठी अटळ हवा. शिवाय तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारा, पर्यावरणाला व आरोग्याला चालेल असा पर्याय उपलब्ध नसावा. एवढ्यावरही नवं उत्पादन मिळत नाही. वापर आणि गळती कमी करण्याचे परवडणारे सगळे उपाय करून झालेले हवेत, आणि साठ्यातून किंवा पुनर्वापरातून पुरेसा माल मिळत नाही हे दाखवावं लागतं.

माझ्या मते अर्ज अडतो तो या शेवटच्या अटीवर. १९९३ मध्ये बँकॉकच्या बैठकीत हॅलॉनचे प्रस्ताव आले, पण बहुतेक कामांना पर्याय आहेत आणि साठाही पुरेसा आहे असं म्हणून नव्या उत्पादनाला एक किलोचीही मुभा मिळाली नाही. दम्याच्या पंपातल्या सीएफसीला मात्र बरीच वर्षं सवलत मिळत राहिली, कारण रुग्णांना चालेल असा पर्याय यायला वेळ लागला. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या रॉकेट मोटरींसाठी मिथाइल क्लोरोफॉर्म या बंदीतल्याच द्रावकालाही सवलत मिळाली होती.

अर्ज कोण करतो, कुठे करतो

कंपनी, रुग्णालय किंवा व्यक्ती थेट अर्ज करू शकत नाही. तुम्ही तुमच्या देशाच्या ओझोन कक्षाकडे किंवा पर्यावरण खात्याकडे जायचं. सरकारला पटलं तर ते नैरोबीतल्या ओझोन सचिवालयाकडे देशाच्या नावाने प्रस्ताव पाठवतं. पुढे करारातलं तंत्रज्ञान व आर्थिक मूल्यांकन मंडळ त्याची छाननी करतं, वर्षाच्या मध्यावर कार्यगटात चर्चा होते आणि शेवटचा निर्णय सदस्य देशांच्या वार्षिक बैठकीत लागतो.

कागदपत्रं

रसायनाचं नाव, लागणारं प्रमाण आणि वर्ष ही माहिती सोपी आहे. खरा घाम गाळायचा तो पर्यायांच्या प्रकरणात. कोणते पर्याय तपासले, कुठे फसले, खर्चात किती फरक पडला, हे आकड्यांसह लिहा. ‘पर्याय उपलब्ध नाही’ या एका ओळीला काडीची किंमत नाही. गळती रोखण्याची व्यवस्था, हाताशी असलेला साठा, पुनर्वापराचा माल मिळवण्यासाठी केलेला पत्रव्यवहार आणि पर्यायाकडे वळण्याचा आराखडा सोबत जोडा. आधी सवलत मिळाली असेल तर किती वापरलं आणि किती उरलं, याचा हिशेबही लागतो. उरलेला साठा नव्या मागणीच्या वेळी विचारात घेतला जातो, त्यामुळे ‘असू दे जास्तीचं’ म्हणून आकडा फुगवून उपयोग नाही.

शेतीतल्या किंवा गोदामातल्या मिथाइल ब्रोमाइडसाठी ‘निर्णायक वापर’ ही वेगळी सवलत आहे. तिचे प्रस्ताव २४ जानेवारीपर्यंत सचिवालयात पोचावे लागतात. इथे ते रसायन न मिळाल्यास बाजार मोठ्या प्रमाणात विस्कळीत होईल, हे दाखवावं लागतं. जानेवारीत पाठवलेल्या प्रस्तावाचा निकाल वर्षाच्या शेवटी लागतो आणि माल त्यानंतरच हाती येतो, म्हणजे निदान वर्षभर आधी तयारी हवी. खरोखरीच आणीबाणी असेल, तर सचिवालयाला कळवून देशाला २० टनांपर्यंत मिथाइल ब्रोमाइड वापरता येतं. त्याची तपासणी नंतर होते, आणि कारण पटण्याजोगं होतं का हे पुढच्या बैठकीत विचारलं जातं.