संसदीय गैरवर्तन

संसदीय गैरवर्तन : कायदेमंडळाच्या सदस्याने सभागृहाचे नियम, पीठासीन अधिकाऱ्याचे आदेश किंवा सभ्यतेचे रूढ संकेत धाब्यावर बसवून केलेले वर्तन. शिवीगाळ, धक्काबुक्की, अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरून घोषणाबाजी, कागद फाडून भिरकावणे, माईक उपटणे, राजदंड पळवणे ही त्याची ओळखीची रूपे. कामकाज चालू असताना मोबाईलवर भलतेच काही पाहत बसणे ही त्यात अलीकडे पडलेली भर. पैसे घेऊन प्रश्न विचारण्यासारखे भ्रष्टाचाराचे प्रकारही गैरवर्तनातच मोडतात (अशा एका प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये भारतीय संसदेने एकदम ११ खासदारांना बडतर्फ केले होते), पण या नोंदीत मुख्यतः सभागृहातल्या वागणुकीचा विचार केला आहे.

नियमांच्या लेखी जे वर्तन सर्वांत गंभीर, तेच लोकांनाही सर्वांत जास्त खटकते असे मात्र नाही. माईक तोडणारा आमदार गावी परतल्यावर हार घालून घेतो आणि बाकावर शांत बसून मोबाईल चाळणारा मंत्री खाते गमावतो. सभागृहाची शिक्षा आणि लोकांची शिक्षा यांची मोजमापे वेगळी आहेत. पुढची बहुतेक उदाहरणे याच तफावतीची आहेत.

नियम आणि शिक्षा

भारतीय संविधानाचे अनुच्छेद १०५ आणि १९४ खासदार-आमदारांना सभागृहातल्या भाषणाबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देतात. त्यामुळे शिस्त राखण्याची जबाबदारी ज्या त्या सभागृहावर येते. लोकसभेच्या नियम ३७३ नुसार अध्यक्ष एखाद्या सदस्याला त्या दिवसापुरते बाहेर जायला सांगू शकतात. नियम ३७४ नुसार सदस्याचे नाव पुकारले जाते आणि निलंबनाचा प्रस्ताव सभागृह मंजूर करते. २००१ मध्ये आलेला ३७४-अ त्याहून कडक आहे : अध्यक्षांनी नाव घेतले की सदस्य सलग पाच बैठकांसाठी किंवा उरलेल्या अधिवेशनासाठी, यांपैकी जे कमी असेल तितका काळ, आपोआप निलंबित होतो. राज्यसभेच्या सभापतींना असा अधिकार नाही, तिथे प्रस्तावच लागतो. आक्षेपार्ह शब्द नियम ३८० नुसार कामकाजातून काढून टाकले जातात. थेट प्रक्षेपणाच्या काळात या शिक्षेला फारसा अर्थ उरलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत रमेश बिधुरी यांनी दानिश अली यांना उद्देशून धर्मावरून काढलेले अपशब्द कागदोपत्री वगळले गेले, तोवर ती चित्रफीत देशभर फिरली होती.

राज्यसभेतले पहिले निलंबन ३ सप्टेंबर १९६२ चे, गोडे मुरहरी यांचे. त्या काळी एखाद्या सदस्याला मार्शल उचलून नेत आहेत हे दृश्य दुर्मीळ होते. १५ मार्च १९८९ रोजी इंदिरा गांधी हत्येविषयीच्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून झालेल्या गदारोळात लोकसभेने एकाच दिवशी ६३ खासदार निलंबित केले. हा विक्रम बरीच वर्षे टिकला. डिसेंबर २०२३ मध्ये, संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे अशी मागणी फलक झळकवत करणारे दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. त्याच दिवसांत भारतीय दंड संहितेची जागा घेणारी विधेयके लोकसभेत आणि राज्यसभेत मंजूर झाली. विरोधी बाके जवळपास ओस पडलेली असताना देशाचे फौजदारी कायदे बदलले जाणे हे फलक झळकवण्यापेक्षा गंभीर की कमी गंभीर, याचे उत्तर नियमावलीत मिळत नाही. निलंबनाचा प्रस्ताव बहुमताने मंजूर होतो आणि बहुमत सत्ताधाऱ्यांकडे असते, ही या शिक्षेची जन्मजात उणीव आहे.

महाराष्ट्रात याच मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ५ जुलै २०२१ रोजी, दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, ओबीसी आरक्षणासाठीच्या सांख्यिकी माहितीचा ठराव चर्चेला असताना गोंधळ झाला. तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या गैरहजेरीत कामकाज चालवणारे सदस्य) भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याचा ठपका ठेवून भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने हा ठराव घटनाबाह्य ठरवला. निलंबन चालू अधिवेशनापुरतेच असू शकते, त्यापुढचे निलंबन हे बडतर्फीहूनही वाईट, असा निकालाचा रोख होता. आमदार बडतर्फ झाला तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मतदारांचा प्रतिनिधी तर जातो आणि दुसरा निवडण्याची सोयही राहत नाही.

हातघाई

सभागृहातल्या हिंसेचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. गुलामगिरीविरोधी भाषणाचा राग धरून २२ मे १८५६ रोजी दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यांनी सिनेटच्या सभागृहात मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. बडतर्फीचा प्रस्ताव फसला. ब्रूक्स यांनी स्वतःच राजीनामा दिला आणि मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून पाठवले. दक्षिणेतल्या चाहत्यांनी त्यांना नव्या काठ्या भेट दिल्या. समनर यांना पूर्णपणे कामावर परतायला सुमारे तीन वर्षे लागली. त्या काळात मॅसॅच्युसेट्सने त्यांचीच पुन्हा निवड करून त्यांची रिकामी खुर्ची सिनेटमध्ये तशीच राहू दिली. एका राज्याने काठी डोक्यावर घेतली, दुसऱ्याने खुर्ची.

महाराष्ट्रातही याच्याशी नाते सांगणारा प्रसंग आहे. विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे यांनी १९६४ मध्ये विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि त्यांना आमदारकी गमवावी लागली. पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांना परत सभागृहात धाडले. धोटे यांचा तो पेपरवेट विदर्भात आजही गैरवर्तन म्हणून कमी आणि पराक्रम म्हणून जास्त सांगितला जातो. नोव्हेंबर २००९ मध्ये अबू आझमी यांनी हिंदीतून शपथ घेतल्यावर मनसेच्या आमदारांनी त्यांना सभागृहातच मारहाण केली. चौघांना चार वर्षांसाठी निलंबित करण्यात आले, बाहेर मात्र बाजू घेणारे आणि निषेध करणारे असे दोन तट सरळ भाषेच्या प्रश्नावरून पडले. २५ मार्च १९८९ रोजी तमिळनाडू विधानसभेत जयललिता यांच्याशी झालेल्या झटापटीचा परिणाम याहून दूरगामी ठरला. विस्कटलेल्या साडीनिशी बाहेर पडलेल्या त्या विरोधी पक्षनेत्या १९९१ मध्ये मुख्यमंत्री म्हणूनच सभागृहात परतल्या.

तैवानच्या कायदेमंडळात हाणामारी इतकी नेमाने होते की १९९५ चे शांततेचे ‘इग नोबेल’ हे विडंबनात्मक पारितोषिक त्याला देण्यात आले. परराष्ट्रांशी युद्ध करण्यापेक्षा एकमेकांना ठोसे लगावण्यात राजकारण्यांचा जास्त फायदा असतो हे दाखवून दिल्याबद्दल. २०२० मध्ये तिथे अमेरिकन डुकराच्या मांसाच्या आयातीवरून विरोधी सदस्यांनी सभागृहात डुकराची आतडी फेकली. दक्षिण कोरियात नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापार करारावर मतदान होण्याआधी एका सदस्याने अश्रुधुराची नळकांडी फोडली. लोकांच्या संतापापुढे नमून पुढच्याच वर्षी तिथे कायदा बदलला : वादग्रस्त विधेयक बहुमताच्या जोरावर रेटून नेणेच अवघड करण्यात आले. हाणामारी करणाऱ्याला शिक्षा वाढवण्याऐवजी हाणामारीचे कारण काढून घेण्याचा हा उपाय इतरत्र फारसा उचललेला दिसत नाही. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणा विधेयकावेळी लोकसभेत मिरपूड फवारली गेली, खासदार खोकत, डोळे चोळत बाहेर धावले; शिक्षा झाली ती नेहमीच्या निलंबनाची.

शब्दांनी होणारे घाव तुलनेने किरकोळ मानले जातात. तरी जपानमध्ये १९५३ साली पंतप्रधान शिगेरू योशिदा समितीच्या बैठकीत एका विरोधी सदस्याला उद्देशून ‘मूर्ख’ अशा अर्थाचा शब्द पुटपुटले, तो माईकने टिपला, आणि दोन आठवड्यांत सरकारवर अविश्वास मंजूर होऊन सभागृह बरखास्त झाले.

लोकांची प्रतिक्रिया

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत बसलेले कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची एक छोटी चित्रफीत पसरली. मोबाईलच्या पडद्यावर पत्ते दिसत होते. आपल्याला रमी खेळताच येत नाही, आपोआप उघडलेली जाहिरात आपण बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. तो चालला नाही. कुणाला मारलेले नव्हते, शिवी दिलेली नव्हती, कामकाज क्षणभरही थांबले नव्हते; पण शेतकरी आत्महत्यांच्या राज्यातला कृषिमंत्री आणि पत्त्यांचा डाव ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. लातूरमध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आलेल्या कार्यकर्त्यांनी मंत्र्यांच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांसमोर पत्ते उधळले आणि त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली, तेव्हा प्रकरण आणखी चिघळले. महिनाअखेरीस कोकाटे यांचे कृषी खाते काढून घेण्यात आले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. पत्त्यांनंतर थेट क्रीडा, म्हटल्यावर विनोदवीरांना आयते कोलीत मिळाले. चित्रफीत पसरली त्याच आठवड्यात विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांत चक्क हाणामारी झाली होती. तिच्यावरही टीका झाली, पण लोकांच्या तोंडी राहिली ती रमी.

मोबाईलच्या बाबतीत कर्नाटक पुढे होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये विधानसभेत अश्लील चित्रफीत पाहताना तिथले मंत्री वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्यात सापडले आणि तिघांना राजीनामे द्यावे लागले. त्यांतले लक्ष्मण सवदी २०१८ ची निवडणूक हरले, तरी पुढच्याच वर्षी उपमुख्यमंत्री झाले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ मध्ये अशाच कारणाने खासदार नील पॅरिश यांनी राजीनामा दिला. पहिल्यांदा आपण ट्रॅक्टरची माहिती शोधताना भलत्या संकेतस्थळावर पोचलो, पण दुसऱ्यांदा मुद्दाम पाहिले, अशी कबुली त्यांनी दिली. जूनमधल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाची २४ हजारांहून मोठी आघाडी धुऊन निघाली. सवदी यांची सोय पक्षाने लावली, पॅरिश यांच्या जागेचा हिशेब मतदारांनी केला.

महिला सदस्यांना उद्देशून होणारी शेरेबाजी बराच काळ थट्टामस्करीच्या खाती जमा होत असे. जून २०१४ मध्ये टोकियो महानगर विधानसभेत मातृत्वविषयक धोरणांवर बोलणाऱ्या आयाका शिओमुरा यांना ‘आधी लग्न कर’ अशा आशयाचे टोमणे ऐकावे लागले. सुरुवातीला कुणीच पुढे येऊन कबुली देईना. हजारो लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्यावर एका सदस्याने जाहीर माफी मागितली. ऑस्ट्रेलियात संसद भवनातल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपानंतर मार्च २०२१ मध्ये देशभर महिलांचे मोर्चे निघाले. वर्षाखेरीच्या अधिकृत अहवालात, संसदेशी संबंधित कामाच्या ठिकाणी आपला लैंगिक छळ झाल्याचे दर तिघांतल्या एकाने सांगितल्याचे नोंदले गेले. सभागृहातली भाषा आणि त्याच इमारतीतल्या कर्मचाऱ्यांना मिळणारी वागणूक यांचा संबंध त्यानंतर उघडपणे जोडला जाऊ लागला.

गैरवर्तन की निषेध

गोंधळ घालणारा प्रत्येक पक्ष त्याला निषेध म्हणतो आणि सत्तेत आला की त्यालाच बेशिस्त म्हणतो. भारतात २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी घोटाळ्याच्या संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळपास पूर्ण वाहून गेले. सरकार चर्चा टाळत असेल तर कामकाज रोखणे हाही लोकशाही मार्गच आहे, अशी मांडणी त्या काळात विरोधी बाकांवरून झाली. बाके बदलल्यावर मांडणीही बदलली. १९९७ मध्ये स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनात प्रश्नोत्तराच्या तासाचे पावित्र्य राखण्याचा आणि अध्यक्षांच्या आसनासमोर न उतरण्याचा ठराव सर्वांनी एकमताने केला होता. तो मोडायला कुठल्याही पक्षाने फार वेळ लावला नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. मतविभागणीची (प्रत्येकाचे मत मोजून नोंदण्याची) मागणी मान्य न झाल्याने सदस्य उपसभापतींच्या आसनापर्यंत धावले. दुसऱ्या दिवशी आठ जण निलंबित झाले आणि रात्रभर गांधीजींच्या पुतळ्याजवळ हिरवळीवर बसून राहिले. सकाळी उपसभापती हरिवंश स्वतः चहा घेऊन गेले. चहा कुणी घेतला नाही. काहींना त्या चहात मोठेपणा दिसला, काहींना कॅमेरा. विधेयकांवरचा खरा निकाल सभागृहाबाहेर लागला : दिल्लीच्या सीमांवर शेतकरी वर्षभर ठाण मांडून बसले आणि ते कायदे मागे घ्यावे लागले.

न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये, ब्रिटिश राजसत्ता आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातल्या वैतांगी कराराचा नव्याने अर्थ लावू पाहणाऱ्या विधेयकावेळी माओरी पक्षाच्या तरुण खासदार हाना-राव्हिती मैपी-क्लार्क यांनी प्रत फाडून ‘हाका’ हे पारंपरिक आव्हाननृत्य सुरू केले. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि काही दिवसांत हजारोंचा मोर्चा वेलिंग्टनच्या संसदेवर आला. जून २०२५ मध्ये त्यांना सात दिवसांचे, तर त्यांच्या पक्षाच्या दोन्ही सहनेत्यांना २१ दिवसांचे निलंबन झाले. तिथे यापूर्वी इतकी मोठी शिक्षा कुणाला झाली नव्हती. विधेयक मात्र त्याआधीच मोठ्या बहुमताने फेटाळले गेले होते.

मोडतोड झाली की विशेषाधिकाराची ढाल पुरत नाही, हे भारतात केरळच्या प्रकरणाने स्पष्ट केले. १३ मार्च २०१५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री के. एम. मणी यांना अर्थसंकल्प मांडू न देण्यासाठी विरोधी आमदार अध्यक्षांच्या मंचावर चढले. खुर्ची, संगणक, माईक यांची नासधूस झाली आणि नुकसान २,२०,०९३ रुपयांचे नोंदले गेले. सत्तापालटानंतर नव्या सरकारने आपल्याच नेत्यांवरचा खटला मागे घेण्याची परवानगी मागितली. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. सार्वजनिक मालमत्तेची तोडफोड म्हणजे सभागृहातले भाषणस्वातंत्र्य नव्हे, असे त्या निकालात म्हटले आहे. निकाल लागला तेव्हा आरोपींपैकी व्ही. शिवनकुट्टी राज्याचे शिक्षणमंत्री होते.