समुद्रपक्ष्यांचे प्रजनन, अन्नशोध आणि भक्षण

समुद्रपक्ष्यांना अन्न समुद्रातून मिळवावे लागते, अंडी मात्र जमिनीवर किंवा, सम्राट पेंग्विनप्रमाणे, गोठलेल्या समुद्राच्या बर्फावर उबवावी लागतात. अन्न आणि वसाहत, म्हणजे अनेक पक्षी एकत्र घरटी करतात ती जागा, यांमधील हे अंतर त्यांच्या वर्तनाचे बहुतेक विशेष घडवते.

भटका अल्बट्रॉस एका विणीत एकच अंडे घालतो. ते सुमारे अकरा आठवडे उबवावे लागते आणि पिल्लू उडू लागण्यास आणखी नऊ महिन्यांच्या आसपास काळ जातो. त्यामुळे पिल्लू यशस्वीपणे वाढवणारी जोडी एक वर्ष सोडूनच पुन्हा वीण करते. एका पालकाला हे ओझे पेलत नसल्याने जोडीदाराची निवड सावकाश होते. तरुण पक्षी प्रत्यक्ष वीण करण्याआधी काही वर्षे वसाहतीत येऊन निरनिराळ्या पक्ष्यांसमोर पंख पसरणे, मान उंचावणे, चोच वाजवणे अशा हालचाली करतात आणि त्यांतूनच जोडी ठरते. ती सहसा दीर्घकाळ टिकते, परंतु वीण अयशस्वी झाल्यास मोडूही शकते. नर कमी असलेल्या ठिकाणी दोन माद्याही एकत्र संगोपन करतात. हवाई बेटांवरील काएना पॉइंट येथील लेसन अल्बट्रॉसच्या जवळजवळ एकतृतीयांश जोड्या अशा असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

अन्नशोधाच्या पद्धतींत मोठी विविधता आहे. गॅनेट सुमारे ३० मीटर उंचीवरून पाण्यात सूर मारतो आणि त्याच्या त्वचेखालील वायुकोश पाण्याचा आघात सौम्य करतात. फ्रिगेट पक्ष्याची पिसे पाण्याने भिजतात, म्हणून तो पाण्यावर न उतरता पृष्ठभागावरचे भक्ष्य उडता उडताच उचलतो. अनेक पेट्रेल वासाच्या आधारे अन्न शोधतात, आणि या विषयातील सर्वांत विलक्षण उलगडा हाच म्हणावा लागेल. सूक्ष्म प्राणी वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे वनस्पतीसदृश सूक्ष्म जीव) खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड हा वायू बाहेर पडतो; काही पेट्रेल त्याकडे आकृष्ट होतात, हे गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. मानवी डोळ्यांना सर्वत्र सारख्या दिसणाऱ्या समुद्रात या पक्ष्यांना सुपीक पट्टे वासाने ओळखू येतात.

दुसऱ्याचे अन्न हिसकावणे हाही उपजीविकेचा एक मार्ग आहे. स्कुआ आणि फ्रिगेट पक्षी इतरांचा पाठलाग करून त्यांना गिळलेले मासे ओकायला लावतात. स्कुआ आणि मोठे कुरव अंडी, पिल्ले आणि लहान प्रौढ पक्षीही खातात. त्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून कित्येक लहान पेट्रेल आणि शिअरवॉटर वसाहतीत अंधार पडल्यावरच उतरतात व बिळांत घरटी करतात. फुल्मारचे पिल्लू जवळ येणाऱ्या शत्रूवर जठरातील दुर्गंधीयुक्त तेल फवारते, आणि ते पिसांना चिकटल्यास आक्रमक पक्ष्याला उडणेही अवघड होते.

हे उपाय प्रामुख्याने हवेतून येणाऱ्या शत्रूंविरुद्ध विकसित झाले आहेत. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर जहाजांतून पोहोचलेले घरउंदीर ट्रिस्टन अल्बट्रॉसच्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडतात. जमिनीवरील सस्तन शत्रूंविना उत्क्रांत झालेल्या या पक्ष्यात अशा हल्ल्याला तोंड देणारे वर्तनच नाही, त्यामुळे उंदराच्या कित्येक पट वजनाचे पिल्लूही घरट्यावरून न हलता जखमांनी मरते.