अर्धशिशी म्हणजे पित्त नव्हे

"पित्त चढलंय, मिठाचं पाणी पिऊन उलटी काढ, डोकं उतरेल." अर्धशिशीवर हा सल्ला घरोघरी मिळतो. पण दुखण्याचं मूळ पोटात नसतं. मेंदू आणि ट्रायजेमिनल मज्जातंतू (चेहरा-डोक्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी नस) यांच्या जाळ्यात ते सुरू होतं; मळमळ हे त्याचंच लक्षण. उलटीनंतर काहींना बरं वाटतं, हे खरं. पण मुद्दाम ओकाऱ्या काढल्या की अंगातलं पाणी जातं, घेतलेली गोळीही बाहेर पडते. शिवाय दुखणं वाढलं की जठर मंदावतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरुवातीलाच घ्यावी. अंधारी खोली, कपाळावर थंड पट्टी आणि झोप, यांनी अनेकांना खरोखर आराम पडतो. कडक उपास मात्र टाळाच. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.